ऑस्ट्रेलियातील घर आणि आपला वाडा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



परदेशी जाऊन आलेल्या माणसाने प्रवासवर्णन सांगावे, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. चिटणीसांनी मलाही तोच विषय सुचविला होता. परंतु तेथील समुद्रकिनारे आणि कांगारू यांची चित्रे आता प्रत्येकाच्या हातातील यंत्रावर दिसतात. त्यांसाठी माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकाने आपला तासभर वेळ घ्यावा, हे मला युक्त वाटेना. मी आज एका घराविषयी आणि त्या घराच्या शेजाराविषयी बोलणार आहे. त्यास कारणही तसेच आहे. गेल्या वर्षभरात आपल्यातील चार कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, मुलाने तिकडे घर घेतले आहे. येथील वाडा विकून आम्हीही जावे काय?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्याइतका मी शहाणा नाही. मात्र दोन खेपांना मिळून नऊ महिने मी आणि माझी पत्नी आमच्या कन्येच्या घरी राहिलो. त्या काळात जे पाहिले, विचारले आणि वाचले, ते आपणांपुढे ठेवतो. निर्णय ज्याचा त्याने करावा.

मेलबर्न शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर टार्नीट नावाचे उपनगर आहे. ते विंडहॅम नगरपालिकेच्या हद्दीत येते. या नगरपालिकेची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे २ लाख ९२ हजार झाली. रेल्वेचे स्थानक २०१५ साली झाले. म्हणजे आमच्या कन्येच्या गल्लीपेक्षा आपल्या गावातील पिंपळाचा पार कितीतरी पुरातन आहे! उघड्या माळरानावर आखणी करून, प्रथम रस्ते, मग दिवे, मग घरे आणि सर्वांत शेवटी माणसे, अशा क्रमाने हे गाव वसले. आपल्याकडे हा क्रम बहुधा नेमका उलटा असतो.

तेथील भूमी पाहून मला प्रथम जो आनंद झाला, तो भूगोलाच्या शिक्षकाचा आनंद होता. मेलबर्नच्या पश्चिमेचे ते पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेले आहे. आपल्या दख्खनच्या पठाराचा जो काळा पाषाण, त्याच जातीचा पाषाण तेथेही आहे. ते लोक त्यास 'ब्लूस्टोन' म्हणतात आणि मेलबर्नमधील जुन्या इमारती व गल्ल्यांच्या फरसबंद्या त्याच दगडाच्या आहेत. त्या पाषाणाची झीज होऊन बनलेली मातीही आपल्या काळ्या रानासारखीच, पाऊस पडला की फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळणारी. आपल्या पूर्वजांनी काळ्या जमिनीत घर बांधताना मुरूम अथवा खडक लागेपर्यंत पाया खणला. तेथे नवे घर बहुधा एका सलग काँक्रीटच्या पाटावर उभे करतात. त्या पाटाच्या पोटात आडव्या-उभ्या तुळयांची जाळी असते, म्हणजे माती हलली तरी सबंध घर होडीसारखे एकत्र राहते. माती एकच, परंतु तिच्याशी वागण्याच्या रीती दोन.

घराची बांधणी आपणांस नवल वाटावे अशी आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ते पक्क्या विटांचे दिसते. वस्तुतः छपराचा भार वाहतो तो आतील लाकडी सांगाडा. बाहेरची एकेरी विटांची भिंत ही केवळ अंगरख्यासारखी असून आतल्या बाजूस जिप्समच्या पातळ फळ्या ठोकलेल्या असतात. चार शयनगृहे, दोन स्नानगृहे, स्वयंपाकघर व बैठक एकाच मोकळ्या दालनात आणि दर्शनी भागी दोन मोटारींची खोली, हा तेथील ठरलेला साचा होय. नव्या घरांचे सरासरी क्षेत्रफळ २३० चौरस मीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारे अडीच हजार चौरस फूट आहे. जगातील सर्वांत मोठ्या घरांत त्यांची गणना होते. परंतु त्या घराला आपल्यासारखी ओसरी नाही. रस्त्याकडे तोंड करून बसावे, येणाऱ्या-जाणाऱ्यास "या, बसा" म्हणावे, अशी जागाच नाही. घराचे मुख म्हणजे मोटारीच्या खोलीचे दार. ते विजेने उघडते, मोटार आत जाते, दार पुन्हा मिटते आणि घरधनी घरात आला हे शेजाऱ्यास कळतही नाही.

हे घर एकाएकी निर्माण झालेले नाही. एकोणिसाव्या शतकात मेलबर्न व सिडनी येथे एकमेकांस चिकटून असलेल्या अरुंद घरांच्या ओळी होत्या; त्यांच्या सज्जांना ओतीव लोखंडाची नक्षीदार झालर असे. पुढे रेल्वे आणि ट्राम लांबवर गेल्या, तशी माणसेही लांब जाऊन सुटी घरे बांधू लागली. चतुर्थांश एकराचा तुकडा, म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर जमीन, मध्ये घर, पुढे फुलझाडे, मागे भाजीपाला, कोंबड्या आणि लिंबाचे झाड, असे सामान्य माणसाचे स्वप्न ठरले. १९४२ साली, ऐन महायुद्धात, माजी पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांनी नभोवाणीवरून जी प्रसिद्ध भाषणे केली, त्यांत स्वतःचे घर हाच मध्यमवर्गाच्या स्वाभिमानाचा पाया, असा विचार मांडला होता. युद्धानंतर घरांची लाटच आली. १९४७ साली निम्म्याहून थोडी अधिक कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. १९६६ पर्यंत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले. १९४५ च्या सुमारास अ‍ॅडलेड येथील लान्स हिल या गृहस्थांनी कपडे वाळत घालण्याचा फिरता खांब तयार केला, तो पुढे घरोघरच्या परसात उभा राहिला. आपल्याकडे अंगणात तुळशीवृंदावन, तसा तेथे हा खांब!

या राहणीवर टीका करणारेही तेथेच निपजले. रॉबिन बॉइड या वास्तुशिल्पज्ञाने १९६० साली ऑस्ट्रेलियाच्या कुरूपतेवर ग्रंथ लिहून या एकसुरी उपनगरांचा खरपूस समाचार घेतला. उलट १९७० साली ह्यू स्ट्रेटन या विद्वानाने याच उपनगरांची बाजू मांडली. मुलांना खेळावयास, माणसाला काही घडवावयास आणि बायकामुलांसह मोकळेपणी राहावयास स्वतःचे परस मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार आहे. मला दोघांचेही म्हणणे पटते. मात्र आज तो चतुर्थांश एकर उरलेला नाही. नव्या वसाहतींतील पुष्कळसे तुकडे चारशे चौरस मीटरांचे किंवा त्याहूनही लहान असतात. घर वाढले, जमीन घटली आणि परस एका चिंचोळ्या पट्टीपुरते राहिले. माझ्या पत्नीने त्या पट्टीत मेथी आणि कोथिंबीर पेरली व कढीलिंबाचे रोप कुंडीत लावून हिवाळ्यात घरात घेतले.

या घरांत कोण राहत होते आणि कोण राहू शकत नव्हते, हेही आपण जाणले पाहिजे. १९०१ च्या कायद्याने गौरेतर लोकांना त्या देशाची दारे जवळजवळ बंद केली होती. महायुद्धानंतर ग्रीस, इटली आदी देशांतून लक्षावधी माणसे आणली गेली. त्यांनी परसात द्राक्षे, अंजिरे आणि टोमॅटो लावले आणि त्याबद्दल प्रारंभी शेजाऱ्यांची नाके मुरडलेली पाहिली. आपल्यासारख्यांसाठी दारे १९६६ पासून किलकिली झाली आणि १९७३ मध्ये वर्णभेदाचे ते धोरण निकालात निघाले. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेल्यांची संख्या ६ लाख ७३ हजारांवर गेली. त्या वेळी परदेशी जन्मलेल्यांत इंग्लंडच्या खालोखाल ती होती. आमच्या कन्येच्या एका बाजूस पंजाबी कुटुंब, दुसऱ्या बाजूस फिलिपाइन्सचे कुटुंब आणि समोर तेथेच जन्मलेले एक गोरे दांपत्य राहते. ज्या देशाने एकेकाळी माणसाचा रंग पाहून दार लावले, त्याच देशात आज एका गल्लीत चार भाषांत मुलांना हाका मारल्या जातात. जातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते. दारे बंद करणारा समाज आणि दारे उघडणारा समाज यांतील कोणता वाढतो, हे आपणही मनात घोळवावे.

दक्षिण गोलार्धात गेल्यावर आपल्या नित्याच्या समजुती उलट्यापालट्या होतात. तेथे मध्यान्हीचा सूर्य बारा महिने उत्तरेस असतो. म्हणून बैठकीच्या खिडक्या उत्तरेकडे असणे भाग्याचे समजतात आणि घराच्या विक्रीच्या जाहिरातीत तसे आवर्जून लिहितात. मकरसंक्रांत भर उन्हाळ्यात येते. तिळगूळ हातात विरघळतो. दिवाळी वसंतात येते आणि दिवस मोठा असल्यामुळे पणत्या लावण्यास रात्र होण्याची वाट पाहावी लागते. ध्रुवतारा तेथून दिसतच नाही. विवाहानंतर वधूवरांना ध्रुवदर्शन घडवू म्हटले तर मध्ये पृथ्वी आडवी येते! उलट आपल्याकडे दक्षिण क्षितिजावर जेमतेम वर येणारा अगस्त्य तेथे उन्हाळ्याच्या रात्री जवळजवळ माथ्यावर चढतो. विंध्य ओलांडून दक्षिणेस गेलेल्या त्या ऋषीला आपल्या लेकरांच्या घरावर तळपताना पाहून माझे मन भरून आले.

आता शेजारधर्माविषयी. घरासमोर, पदपथ आणि रस्ता यांच्या मध्ये, हिरवळीची एक पट्टी असते. ती जमीन सार्वजनिक आहे. परंतु गवत कापण्याचे काम समोरच्या घरधन्याने करावयाचे, अशी रीत आहे. एखाद्याचे गवत वाढले तर कोणी भांडत नाही, पण सर्वांच्या ध्यानात येते. कचऱ्याच्या डब्यांच्या झाकणांचे रंग ठरलेले आहेत आणि कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवावयाचा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दोन घरांमधील लाकडी कुंपणाचा खर्च, व्हिक्टोरिया राज्याच्या १९६८ च्या कायद्यान्वये, साधारण योग्य अशा कुंपणापुरता दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मा निम्मा सोसावयाचा असतो. आम्ही तेथे असता वादळाने कुंपण कोसळले. जावईबापू आणि शेजारचे सरदारजी यांनी एका संध्याकाळी चहा घेता घेता तीन कारागिरांचे दर पाहिले, निम्मे पैसे वाटून घेतले आणि आठवड्यात कुंपण उभे राहिले. मला आमच्या गावचा एक बांध आठवला. वीतभर जमिनीपायी दोन सख्ख्या चुलतभावांची तीन पिढ्यांची बोलचाल त्या बांधावर गाडली गेली आहे. तेथील माणसे आपल्यापेक्षा सज्जन आहेत, असे मी म्हणणार नाही. परंतु नियम आधीपासून स्पष्ट असला की सज्जनपणाची परीक्षा कमी वेळा द्यावी लागते, हे मात्र खरे.

या सर्वांच्या मुळाशी एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे जमिनीच्या मालकीची नोंद. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला आणि १८६२ साली तो व्हिक्टोरियातही आला. त्याचे तत्त्व असे की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक आणि त्या नोंदीची हमी सरकारची. जुने दस्तऐवज पणजोबांपर्यंत तपासत बसण्याचे कारण राहत नाही. आपल्याकडे खरेदीखताची नोंदणी होते ती दस्ताची. मालकी निर्वेध असल्याची हमी त्यातून मिळत नाही. सात-बारा आणि मालमत्तापत्रक यांवरील नोंदी मुख्यत्वे महसुलाच्या असून त्या विरुद्ध पुराव्याने खोडता येतात. आपल्या समाजातील कित्येक वाडे आज याच कारणाने कुलूपबंद आहेत. आजोबांच्या नावानंतर कोणी वारसनोंदच केली नाही; बारा वारस, त्यांतील चार परगावी, दोन परदेशी; छप्पर कोसळते आहे आणि सहीला कोणी भेटत नाही.

परंतु न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती स्वच्छ नोंदवही ज्या भूमीवर उघडली गेली, ती भूमी निर्जन नव्हती. तेथे कुलिन समूहाचे आदिवासी हजारो वर्षे नांदत होते. १८३५ साली मेलबर्नची वसाहत झाली तेव्हा त्यांच्याशी केलेला म्हणविला गेलेला एक करारही सरकारने रद्दबातल ठरविला, कारण त्यांचा जमिनीवर हक्कच मानला गेला नव्हता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली, माबो नावाच्या खटल्यात, हा समज खोटा ठरविला. आज तेथील शाळेच्या समारंभात प्रथम त्या मूळ लोकांचे स्मरण करतात. स्मरणाने जमीन परत मिळत नाही. तरीही आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत, हे मुलांना ठाऊक असणे चांगले.

आता त्या घराच्या अंतरंगाविषयी बोलतो. घर मुलांचे आहे असे आपण म्हणतो, परंतु पंचवीस-तीस वर्षे ते बँकेचेही असते. किमतीचा पाचवा हिस्सा प्रथम हाती असावा लागतो. तो नसल्यास बहुधा कर्जाच्या विम्याचा भार वेगळा पडतो. व्याजाचे दर चढले की हप्ताही चढतो. म्हणून पतिपत्नी दोघेही नोकरी करतात. सकाळी सात वाजता घर रिकामे होते आणि सायंकाळी सहाला भरते. मधले अकरा तास घरात म्हातारा-म्हातारी आणि भिंतीवरचे घड्याळ. गल्लीत चिटपाखरू नसते, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. पाखरे पुष्कळ असतात, माणसेच नसतात. दुकान, दवाखाना, देऊळ सर्व मोटारीच्या अंतरावर. ज्याला मोटार हाकता येत नाही, तो त्या प्रशस्त घरात पाहुणाच राहतो. शेजारचे वृद्ध सरदारजी एकदा मला म्हणाले, "मास्टरजी, घर तो बहुत बड़ा है, पर बात किससे करें?" पुढे आम्ही दोघे रोज चार वाजता तळ्याकाठच्या बाकावर बसू लागलो. त्यांची हिंदी पंजाबी वळणाची, माझी मराठी वळणाची. तरी संभाषण कधी अडले नाही.

या एकाकीपणावर त्या लोकांनी काही उपायही योजले आहेत आणि ते आपण घेण्यासारखे आहेत. व्हिक्टोरियात १९७० च्या दशकापासून 'नेबरहुड हाउस' नावाची केंद्रे निघाली. तेथे अल्प शुल्कात इंग्रजी संभाषण, शिवण, संगणक असे वर्ग चालतात आणि चहाच्या निमित्ताने ओळखी होतात. माझी पत्नी, जिने इंग्रजी शाळेबाहेर कधी उच्चारले नव्हते, ती अशा केंद्रात जाऊन बसची चौकशी करण्याइतपत बोलू लागली. १९९० च्या दशकात सेवानिवृत्त पुरुषांसाठी 'मेन्स शेड' नावाची उपक्रमशाळा तेथे सुरू झाली. वृद्ध पुरुष तेथे जमून रंधा मारतात, मुलांच्या शाळेसाठी बाके दुरुस्त करतात आणि हाताला काम असताना मनातले बोलून जातात. समोरासमोर बसवून "बोला" म्हटले तर पुरुष बोलत नाही. खांद्याला खांदा लावून काम दिले की बोलतो, हे मर्म त्यांनी ओळखले आहे.

तेव्हा त्या चार कुटुंबांच्या प्रश्नाकडे वळतो. वाडा विकून जाणे म्हणजे तेथे कायमचे राहता येईल, हे गृहीत धरणे होय. ते गृहीत धरू नये. आईवडिलांच्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी तेथे मुलांच्या संख्येची एक कसोटी आहे : निदान निम्मी अपत्ये ऑस्ट्रेलियात स्थायिक असावीत, किंवा अन्य कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक असावीत. एक मुलगा मेलबर्नला आणि दोन लेकी पुणे-नाशिकला असतील, तर ती कसोटी उतरत नाही. उतरली तरी अल्प शुल्काच्या मार्गाने प्रतीक्षा सुमारे तीस वर्षांची आहे. साठीच्या माणसाने या हिशेबावर काय बोलावे! दुसऱ्या मार्गात दर माणशी चाळीस हजार डॉलरांहून अधिक शुल्क भरूनही दहा वर्षांवर वाट पाहावी लागते. २०१९ पासून तात्पुरत्या वास्तव्याचा एक परवाना आहे. तो तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, एकूण मर्यादा दहा वर्षांची आणि नोकरी करण्यास मनाई. तात्पुरत्या परवान्यावर असलेल्या आपल्या लोकांना तेथील सरकारी आरोग्यसेवेचा लाभ मिळत नाही. खासगी विमा उतरावा लागतो. हे नियम बदलत असतात, म्हणून जाण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी चौकशी करावी. परंतु दहा वर्षांनी, सत्तरी-पंचाहत्तरीत, परत यावे लागले तर कोणत्या दारात यावयाचे, हा प्रश्न वाडा विकण्यापूर्वी स्वतःस विचारावा.

म्हणून माझी तीन नम्र निवेदने आहेत. पहिले असे की, राहते शेवटचे छप्पर विकून मुलांच्या कर्जात ओतू नये. मुलांना मदत अवश्य करावी; ती शिल्लक असेल त्यातून करावी. आईवडिलांनी बेघर होऊन दिलेली मदत सुपुत्राच्या खांद्यावर हप्त्याहूनही जड ओझे होते. दुसरे असे की, प्रत्येक कुटुंबाने येत्या वर्षभरात वारसनोंदी पूर्ण कराव्यात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाइतकाच झाला आहे; तिचे नाव वगळून पुढे तंटा ओढवून घेऊ नये. मंडळाने यासाठी एखाद्या जाणत्या वकिलास महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसविले, तर स्मरणिकेतील शंभर अभिनंदनांपेक्षा ते काम मोठे होईल. तिसरे असे की, मंडळाचे सभागृह वर्षाचे कितीतरी दिवस लग्नकार्याविना बंद असते. ते दुपारी तीन ते सहा उघडे ठेवावे. ज्यांची मुले परदेशी आहेत, असे वृद्ध आपल्या गावातही एकाकी आहेत. एकाकीपणा अनुभवण्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. एक सुताराचा बाक, थोडी हत्यारे, चार वर्तमानपत्रे आणि चहा एवढ्यावर प्रारंभ करता येईल. त्या सभागृहाचे दार आपल्या ज्ञातीपुरते असू नये, असेही मला वाटते. शेजार हा जातीने ठरत नाही, भिंतीने ठरतो.

काही जण विचारतील, मग गुरुजी, तेथील घर चांगले की येथील? माझे उत्तर असे आहे की, तेथील घरात नियम आहे आणि येथील घरात ओसरी आहे. आपल्या लेकरांनी तेथे कष्टाने घर उभारले, त्याचा आपण अभिमान बाळगावा. सहा महिने जावे, नातवंडांना मराठीतून गोष्टी सांगाव्यात, मेथी पेरावी. आणि येथील ओसरी झाडून, कागदपत्रे नीट करून ठेवावीत, म्हणजे त्यांनाही परत येण्यास एक दार उघडे राहील.